कच्चं पुस्तक परत घेतलं जाणार नाही

आमच्या वाचनालयातून पुस्तक नेणं सोपं होतं. परत करणं महाकठीण.

नेताना हमीदामावशी काही विचारत नसत. नाव सांगा, पुस्तक उचला, चला. पण परत करायला आलात की त्या पुस्तक हातात घेत, उलटंसुलटं करत, कोपरे चाचपत, टेबलाखालचं स्टूल पायानं पुढं ढकलत आणि म्हणत, "बसा. सांगा."

"काय सांगू?"

"काय झालं त्यात?"

मग सांगावं लागे. पहिल्यापासून. मध्ये थांबलात की त्या विचारत, "मग? पुढं?" अडखळलात, गुळमुळीत बोललात, "छान आहे, भाषा ओघवती आहे" असलं काही म्हणालात, तर ते पुस्तक टेबलावरून सरकत सरकत पुन्हा तुमच्या पुढ्यात यायचं.

"कच्चं आहे. परत न्या. शिजवून आणा."

टेबलामागच्या भिंतीवर पाटीच होती, त्यांच्या ठसठशीत अक्षरात: 'कच्चं पुस्तक परत घेतलं जाणार नाही.' नवा माणूस ती वाचून आधी हसायचा, आणि पहिल्यांदा पुस्तक परत करायला आला की हसणं विसरायचा. मंत्र्यांची भाषणं लिहून देणारे अधिकारी त्या स्टुलावर घाम पुसताना मी पाहिले आहेत. उशिरा आणलं तर मावशींच्या राज्यात दंड नव्हता. "उशीर झाला म्हणजे वाचत असेल बिचारा," असं त्यांचं म्हणणं. वेळेवर, कोरं करकरीत, न उघडता आणलं, तर मात्र तो गुन्हा.

हमीदा मुजावर मूळच्या मिरजेच्या. नवऱ्याला केंद्र सरकारात नोकरी लागली म्हणून दिल्लीत आल्या आणि नवरा निवृत्त होऊन, वारल्यानंतरही इथंच राहिल्या. साठी ओलांडलेली, अंगावर सुती साडी आणि पायात मुलांच्या शाळेचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. "शिडी चढायची असते. चपला घालून शिडीवरून पडले तर वर्गीकरण कोण करणार?" मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे. त्याला लागून एक लांबट खोली, खोलीत लोखंडी कपाटं, आणि कपाटांत मराठी पुस्तकं. दर संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर मावशी तिथं असत. पगार नव्हता. मंडळ त्यांना चहा देत असे आणि तोही त्यांना आवडत नसे.

मी तिथं पहिल्यांदा गेले ते चुकून. दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या भाषेत 'लायब्ररी' म्हणजे काय, हे गावाकडच्या लोकांना सांगून पटत नाही. दिल्लीतल्या लायब्ररीत पुस्तकं नसतात. तिथं लाकडी खोकी असतात. प्रत्येक खोक्यात एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंग पॉइंट आणि एक मान खाली घातलेला मुलगा. महिन्याच्या भाड्यानं बसायची जागा विकतात आणि तिला लायब्ररी म्हणतात. मी चिल्ला गावात खोली घेतली होती. जवळ मराठी लायब्ररी आहे असं कुणी सांगितलं म्हणून आत डोकावले आणि सवयीनं विचारलं, "सीट मिळेल का? वायफाय आहे?"

मावशींनी शिडीवरून खाली बघितलं. "इथं पुस्तकं बसतात. माणसं उभी राहतात."

मी परत फिरणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कुठली गं तू?"

"इचलकरंजी."

"मग आमच्या शेजारचीच की!" त्या शिडीवरून अशा उतरल्या की जणू मी माहेरची खुशाली घेऊन आले होते. "ये, ये. काय वाचतेस?"

मी खरं सांगितलं. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. जगात दोनच विरामचिन्हं आहेत, उद्गारचिन्ह आणि दोन उद्गारचिन्हं, असा माझा बरीच वर्षं समज होता. हे ऐकून मावशी एवढ्या हसल्या की त्यांना कपाटाला टेकावं लागलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली' झाले.

मावशी जुन्या वळणाच्या, यंत्राला घाबरणाऱ्या वगैरे असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. नोएडात नोकरी करणाऱ्या एका सभासदानं वाचनालयाला कॉम्प्युटर दिला आणि पुस्तकाच्या पाठीवरची पट्टी वाचणारी ती पिस्तुलासारखी वस्तू दिली. मावशींना ती भयंकर आवडली. प्रत्येक पुस्तकावर नेम धरून त्या 'टिक्' करत आणि खूश होत. "हुशार आहे हो हे. पुस्तक बघितल्या बघितल्या ओळखतं. फक्त वाचलंय का नाही ते याला कळत नाही. तेवढं मी बघते."

आमच्यातला नांदेडचा रोहित जरा जास्त शहाणा. त्यानं एकदा एक जाडजूड कादंबरी तशीच उशाशी ठेवली आणि परत करायच्या दिवशी फोनला सारांश विचारला. फोननं क्षणात दिला. रोहित स्टुलावर बसून धडाधड बोलू लागला. मानवी नातेसंबंधांची गुंतागुंत, बदलतं ग्रामजीवन, स्त्रीच्या मनाचा वेध. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या.

"वा. आणि त्या वहिनींच्या घरात मांजर होतं बघ. कुठल्या रंगाचं?"

रोहित चपापला. "काळं... नाही, मावशी, पांढरं. पांढऱ्यावर काळे ठिपके."

"मांजर नव्हतंच," मावशी म्हणाल्या आणि पुस्तक सरकवलं. "कच्चं आहे."

"मावशी, ये चीटिंग है यार!" रोहित ओरडला.

"होय की. तूही केलंस, मीही केलं. फिट्टंफाट."

नंतर मला म्हणाल्या, "फोनवर माझा राग नाही. पण मुलं त्याला विचारतात, गोष्टीचा अर्थ काय. अर्थ कुणीही सांगतं गं. झालं काय ते सांगायला वाचावं लागतं."

बदल्या हा आमच्या लोकांचा रोग. आज लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असलेला माणूस उद्या भोपाळला असतो, आणि पुस्तक त्याच्या सामानातून जातं. असं गेलेलं पुस्तक पोस्टानं परत आलं तरी मावशींच्या लेखी ते जमा होत नसे. गोष्ट कुठाय? यावर त्यांनी तोडगा काढला होता. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा. शिलाँगला बदली झालेले तांबे साहेब दर आठवड्याला एक प्रकरण पाठवत. त्यांना जन्मभर सरकारी टिपणं लिहायची सवय. फोनमधून त्यांचा गंभीर आवाज यायचा: "उपरोक्त नायिका सदर विहिरीपाशी आली असता, तिला नायक आढळून आला." मावशी हसून हसून डोळे पुसत आणि उत्तर पाठवत, "मग? पुढं?"

तर असं सगळं सुखात चाललं असताना मंडळाच्या अध्यक्षांना विकासाची आठवण झाली.

अध्यक्ष खानविलकर साहेब. निवृत्त उपसचिव. माणूस वाईट नव्हता, पण पस्तिशीपासून फाइलमध्ये राहिल्यामुळं त्याला जग फाइलसारखंच दिसे. बायकोनं भाजी काय करू विचारलं तर "प्रस्ताव ठेवा" म्हणत असावा. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी मांडलं, की वाचनालयाची खोली रिकामी करावी, तिथं वातानुकूलित 'स्टडी सेंटर' करावं, केबिन टाकाव्यात आणि मुलांना भाड्यानं द्याव्यात. पुस्तकं? "पुस्तकं आता सगळी फोनमध्ये असतात. आणि बिल्कुल कोणी येत नाही हो वाचायला."

ठराव झाला. सगळ्यांनी मान हलवली, कारण बैठकीनंतर जेवण होतं. पुस्तकं कबाडीवाल्याला द्यायची, दिवस ठरला, केबिन करणाऱ्या सुताराला मापं घ्यायला बोलावलं.

मावशींना हे दुसऱ्या दिवशी कळलं. कपाटाच्या फळीवरून बोट फिरवत उभ्या राहिल्या. मी त्यांना त्याआधी गप्प पाहिलं नव्हतं. ती खोली गेली तर त्यांचं काय काय जाणार होतं, हे तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, पुस्तकंच.

मी पेटले. हे लोक माझ्या नावानं, माझ्यासारख्या मुलांच्या सोयीच्या नावानं, पुस्तकं रद्दीत घालणार! खोकं हवं असतं तर मला शंभर ठिकाणी मिळालं असतं. मी रात्रभर... नाही, खरं सांगायचं तर दुपारभर बसून पत्रक लिहिलं. 'पुस्तकांवर घाला! मराठीजनहो, जागे व्हा!!' शेवटी 'हा लढा शेवटचा नाही!!' असंही होतं. धावत मावशींकडे गेले.

त्यांनी ते शांतपणे वाचलं. मग पायानं स्टूल पुढं ढकललं.

"बस. सांग. काय झालं यात?"

"मावशी, आत्ता तुम्ही वाचलंत ना!"

"तू सांग."

"यात... आम्ही निषेध करतो."

"मग? पुढं?"

"मग लोक जागे होतात."

"जागे होऊन काय करतात? पुढं?"

पुढं माझ्याकडे काही नव्हतं. एकूण पत्रकांत पुढं फारसं काही नसतं. तरी माझा पत्रकांवर आजही विश्वास आहे, हे इथं नोंदवून ठेवते. पण त्या दिवशी माझा कागद टेबलावरून सरकत माझ्याकडे आला.

"कच्चं आहे," मावशी म्हणाल्या. "घोषणा नको. तू असं कर, दोन पुस्तकं ने."

"मावशी, इथं आग लागलीय!"

"म्हणूनच म्हणते. दोन नको, दहा ने."

मंडळाचे नियम खानविलकर साहेबांनीच लिहिले होते. एकदा फावल्या वेळात, अगदी रंगून. त्यातल्या वाचनालयाच्या भागात दोन गोष्टी होत्या. एक, वाचनालयाचा साठा हलवायचा असेल तर आधी सभासदांकडची सगळी पुस्तकं जमा झाली पाहिजेत. दोन, ग्रंथपालानं तपासून स्वीकारल्याशिवाय पुस्तक जमा झालं असं धरू नये. पानं फाडणाऱ्यांना चाप बसावा हा साहेबांचा हेतू. मावशींनी मला ते वाचायला लावलं आणि विचारलं, "एका माणसानं किती पुस्तकं न्यायची, ते आहे का कुठं?"

नव्हतं.

मी त्या टेबलावर चढून नाचायची बाकी राहिले. अहो, पत्रकं वाटण्यात माझा जन्म गेला! फक्त या वेळी वाटायची होती पुस्तकं. रोहित, मी आणि चिल्ल्यातली सगळी पोरं कामाला लागलो. मेट्रोच्या ब्लू लाइनवर, पिंक लाइनवर, पाठीवरच्या सॅकमधून मराठी पुस्तकं निघाली. लक्ष्मीबाई नगरच्या बायका भाजीच्या ट्रॉल्या घेऊन आल्या आणि भरून घेऊन गेल्या. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्टहाउसचे मराठी आचारी सगळ्या रहस्यकथा घेऊन गेले. "मॅडम, पण परत करताना सांगावं लागतं ना?" त्यांच्यातल्या एकानं भीत भीत विचारलं. "खुनी कोण ते सोडून सगळं सांगायचं," मावशी म्हणाल्या. "खुनी मी ओळखणार." गुरुग्रामहून एक जण गाडी घेऊन आला आणि कवितेचं अख्खं कपाट उचलून गेला. त्याला कविता आवडत नव्हत्या. त्याला खानविलकर आवडत नव्हते.

मावशी पिस्तूल घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. टिक्, टिक्, टिक्. चेहऱ्यावर असा आनंद, की घरातलं लग्न असावं. "भरपूर ने. हेही ने. ते जरा रडवतं, पण ने."

ठरलेल्या रविवारी खानविलकर साहेब कार्यकारिणीसह आले. मागं टेप घेतलेला सुतार. त्याच्या मागं तराजू आणि पोती घेतलेला कबाडीवाला. हॉल गच्च भरला होता, कारण आम्ही सगळ्यांना बोलावलं होतं आणि चहा-पोह्याची व्यवस्था केली होती. मराठी माणूस क्रांतीला येतो, पण पोहे असावे लागतात.

साहेबांनी खोलीचं दार उघडलं. कपाटं उघडी. फळ्या रिकाम्या. धुळीत फक्त पुस्तकांच्या सावल्यांसारखे चौकोन.

"हे काय? पुस्तकं कुठं आहेत?"

"वाचताहेत," मावशी म्हणाल्या.

"कोण?"

"हे काय, सगळे." मावशींनी हॉलकडे हात केला. "कोणी येत नाही म्हणत होता ना तुम्ही? आले बघा."

कबाडीवाल्यानं आत डोकावून पाहिलं, "भाईसाहब, इसमें तो कुछ है ही नहीं," म्हणाला आणि पोती झटकून निघून गेला. सुतार पोहे खायला बसला.

"ताबडतोब परत मागवा," साहेब म्हणाले.

"मागवते की. तुमचाच नियम आहे. सगळी जमा झाली पाहिजेत. पण कच्ची मी घेणार नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. आणि इथं साहेबांनी ती चूक केली, जी फक्त आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूसच करू शकतो. त्यांना वाटलं, आपण वरिष्ठ आहोत, पायंडा आपण पाडावा. त्यांनी बॅगेतून एक पुस्तक काढलं. "ठीक आहे. मी स्वतःपासून सुरुवात करतो. हे माझ्याकडचं पुस्तक. जमा करून घ्या."

ते पुस्तक त्यांनी वाचनालयाच्या उद्घाटनाच्या दिवशी फोटोपुरतं नेलं होतं. तेव्हापासून त्यांनी ते बऱ्याचदा शिपायाकरवी पाठवलं होतं आणि मावशींनी तितक्यांदा परत धाडलं होतं.

मावशींनी पुस्तक घेतलं. उलटंसुलटं केलं. कोपरे चाचपले. स्टूल पायानं पुढं ढकललं.

"बसा, साहेब. सांगा."

हॉलमधल्या पोह्यांच्या बशासुद्धा वाजायच्या थांबल्या. साहेब बसले. खाकरले.

"सदर पुस्तकात... लेखकानं विविध मुद्द्यांचा परामर्श घेतला आहे."

"मग? पुढं?"

"आणि सर्व बाजूंचा साकल्यानं विचार करून..."

"काय झालं त्यात?"

साहेबांनी हॉलकडे पाहिलं. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, नाही वाचलं तर नाही वाचलं म्हणा की. घरी पण असंच करता."

पुस्तक टेबलावरून सरकत सरकत साहेबांपुढं आलं.

"कच्चं आहे," मावशी म्हणाल्या. अगदी हळू, जशा सगळ्यांना म्हणत तशाच. आणि अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "शिजवून आणा!"

त्या दिवशी मला कळलं, की मी आजवर लिहिलेल्या सगळ्या घोषणा एका बाजूला आणि ही दोन शब्दांची एका बाजूला. वाचनालय बंद करायचं तर आधी दिल्लीतल्या सगळ्या मराठी माणसांनी सगळी पुस्तकं वाचून त्या बाईला सांगावी लागणार होती! असा पेच जगातल्या कुठल्याही सरकारपुढं आजवर कुणी टाकला नसेल. ठराव 'पुढील आदेशापर्यंत स्थगित' झाला. पुढील आदेश अजून आलेला नाही.

पण विजय तिथं संपला नाही. लोकांनी नेलेली पुस्तकं खरंच वाचायला सुरुवात केली. भाजीच्या ट्रॉल्या परत येऊ लागल्या, स्टुलापुढं रांग लागू लागली. कवितावाला गुरुग्रामहून आला आणि खाली मान घालून म्हणाला, "एक ठेवून घेऊ का अजून थोडे दिवस?" आणि एका संध्याकाळी खानविलकर साहेब एकटे आले. स्टूल स्वतःच ओढून बसले आणि बोलू लागले. सदर नाही, उपरोक्त नाही. त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याला त्याचा भाऊ स्टेशनवर भेटतो ते सांगताना मध्येच थांबले, चष्मा काढला, परत घातला. मावशींनी त्या दिवशी "पुढं?" विचारायची घाई केली नाही. सगळं झाल्यावर पुस्तक घेतलं, नेम धरला. टिक्.

"शिजलं," त्या म्हणाल्या.

साहेब शाळकरी मुलासारखे हसले आणि विचारलं, "आता दुसरं कुठलं देता?"

पुस्तकं फळ्यांवर परत लावताना मावशींचा पाय शिडीवरून घसरलाच. कॅनव्हासचे बूट असूनही. घोटा मुरगळला. पुढच्या रविवारी खोलीला कुलूप. माझ्याकडे त्यांचं एक बारकं पुस्तक होतं. म्हटलं, घरीच परत करू, तेवढीच विचारपूस होईल. त्यांचा पत्ता होता, मयूर विहारातलाच, पण मी कधी गेले नव्हते. कुणीच गेलं नव्हतं.

दार त्यांच्या मुलानं उघडलं. अस्लम. हसतमुख, नोएडात नोकरी. त्याची बायको सबा मेरठची, तिनं लगेच पाणी आणलं. झोया नावाची नात सोफ्यावर चित्रं रंगवत होती. भलं, उबदार घर. मावशी बाल्कनीत हिवाळ्याच्या उन्हात पाय लांब करून मटार सोलत होत्या.

"आओ बेटा, बैठो," त्या म्हणाल्या. "चाय लोगी?"

मी दचकले. मावशींची हिंदी मी कधी ऐकली नव्हती. शुद्ध होती, मृदू होती आणि लहान होती. जेवढं लागेल तेवढंच बोलायचं, तेही दबक्या आवाजात. त्या स्वतःच्या घरात पाहुण्यासारख्या बोलत होत्या.

अस्लम माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. "आप लोग वहाँ करते क्या हो?" त्यानं कौतुकानं विचारलं. "अम्मी तो घर पे बोलती ही नहीं. बिल्कुल चुप."

"मावशी? चूप?" मी म्हणाले.

"मराठी मैं थोड़ी समझता हूँ. बोल नहीं पाता. पापा के साथ बोलती थीं, बहुत." तो हसला आणि आत गेला.

मावशींच्या एका कानात इअरफोन होता. त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला, तेव्हा त्यातून बारीक आवाज आला: "...तदनंतर सदर नायिकेने आपले म्हणणे सादर केले..." शिलाँगचे तांबे साहेब. हे प्रकरण मी वाचनालयात कधीच ऐकलं होतं.

"हे जुनं आहे ना, मावशी?"

"जुनंच. लावते अधूनमधून." त्या मटाराची शेंग फोडत होत्या. दाणे पातेल्यात पडत होते. "घरात सगळी चांगली आहेत गं. माझं काही म्हणणं नाही. हे होते तोवर भांडण तरी मराठीत व्हायचं."

एवढंच बोलल्या. मग इकडं तिकडं बघितलं. बाल्कनीत स्टूल नव्हतं, म्हणून त्यांनी बऱ्या पायानं माझी खुर्चीच जरा पुढं ओढल्यासारखी केली.

"आणलंस? बस. सांग."

मी सांगायला लागले. गोष्ट लहान होती. एका वाड्यातली बाई, तिचा हट्ट, तिच्या सुनेचं पळून जाणं आणि परत येणं. एरवी मी अशी गोष्ट पत्रकासारखी सांगते, मुद्दा एक, मुद्दा दोन. त्या दिवशी नाही सांगितली. सून दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात काय होतं, सासूनं पाणी कुठल्या भांड्यातून दिलं, सगळं सांगितलं. मावशींच्या हातातल्या शेंगा हळू होत गेल्या. आवाज परत आला, मोठा, शिडीवरचा. "मग? पुढं?" झोयानं आतून मान वर करून आजीकडे पाहिलं.

गोष्ट संपली. पातेलं अजून अर्धंही भरलं नव्हतं. मावशींनी पुस्तकाकडे पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

पुढं काही नव्हतं. त्यांनाही ते माहीत होतं. ते पुस्तक त्यांनी कितीदा वाचलं असेल.

"पुढं," मी म्हणाले, "त्या घरात एक मांजर आलं."

मावशींनी शेंग पातेल्यात ठेवली आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"कुठल्या रंगाचं?"